आजीच्या रानातून दिसणारा शिंगणापूरचा डोंगर

सदराला आलेलं एक पत्र असं आहे:

"मी डोंबिवलीत राहते, वय ६१. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' आहे. आजी (वडिलांची आई) सांगायची की आमचे खापरपणजोबा मोठ्या दुष्काळात माणदेशातून बायको आणि तान्हं मूल घेऊन चालत निघाले, मुंबईला आले, गिरणीत लागले आणि परत गेलेच नाहीत. ते तान्हं मूल म्हणजे माझे पणजोबा. मी त्या नावाच्या गावाला दोनदा जाऊन आले. तलाठी म्हणाले या आडनावाची एकही नोंद नाही, गावातही या आडनावाचं कुणी नाही. घरात तांब्याची एक घागर आहे, तिच्या गळ्याशी काही अक्षरं कोरलीत, वाचता येत नाहीत. आजी म्हणायची, 'आपल्या रानातून शिंगणापूरचा डोंगर दिसतो.' एवढंच आहे माझ्याकडे. भाऊ म्हणतो सोड आता. एकाने फोनवर सांगितलं पंचवीस हजार द्या, वंशावळ काढून देतो. काय करू?"

ताई, पहिलं म्हणजे ते पंचवीस हजार देऊ नका. कुठल्या गावचा कुठला कागद बघणार, त्याची नक्कल देणार का, हे विचारल्यावर ज्याला सांगता येत नाही तो माणूस तुम्हाला छान फ्रेम करून एक झाड देईल आणि त्यातली अर्धी नावं त्याने घरी बसून लिहिलेली असतील. एकदा घरात असं झाड भिंतीवर लागलं की पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं, मग ते पुसणं फार अवघड.

आता दुसरं. तुम्ही ज्या गोष्टीने निराश झालात ना, की गावात आमच्या आडनावाचं कुणीच नाही, ती उलट चांगली खूण आहे. गावावरून पडलेलं आडनाव त्या गावात सहसा नसतंच. असणार कसं, तिथे तर सगळेच त्या गावचे! गाव सोडल्यावर दुसऱ्या ठिकाणी लोक विचारतात कुठले तुम्ही, आणि जे उत्तर येतं ते चिकटतं. गिरणीच्या हजेरीवर, चाळीच्या भाड्याच्या पावतीवर, पोराच्या शाळेत, जो लिहिणारा असेल तो गावाचं नाव घेऊन पुढे कर लावून मोकळा होतो आणि मग दोन पिढ्यांत तेच खरं आडनाव. म्हणजे तलाठ्याकडे तुम्ही जे नाव विचारलंत ते त्या गावाने कधी ऐकलेलंच नाही. तुमच्या घराण्याचं मूळ आडनाव वेगळं असणार, ते गावात आजही नांदत असेल, कदाचित तुम्ही ज्या पारावर बसून चहा प्यालात तिथेच शेजारी तुमचा भाऊबंद बसला असेल. म्हणून माझं सांगणं एवढंच की आडनाव शोधणं थांबवा आणि रान शोधा. नावं बदलतात, लिहिणारा कानाने ऐकेल तशी लिहितो, जमीन मात्र जिथल्या तिथे राहते आणि एकोणिसाव्या शतकात सरकारने सगळ्यात नीट कशाची नोंद ठेवली असेल तर जमिनीची, कारण सारा तिच्यावर होता.

पण त्याआधी घरातलं काम. तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत (इथे मी बरंच कापलंय) आणि त्यात खापरपणजोबांचं नावच कुठे नाही. बहुतेक तुम्हाला ते माहीत नाही. आडनावाशिवाय चालेल पण त्यांचं स्वतःचं आणि जमलं तर त्यांच्या वडिलांचं नाव लागेलच, कारण जुन्या कागदात माणूस असाच लिहिलेला असतो, अमुक वलद तमुक किंवा अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. बाई असेल तर अमुक कोम तमुक, तमुकची बायको. आडनाव असलं तर असलं, नाहीतर नाही.

हे नाव मिळायची सगळ्यात जवळची जागा म्हणजे पितृपक्ष. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, वडील, आजोबा, पणजोबा. तुमच्या वडिलांनी श्राद्ध घातलं असेल तर त्यांनी त्यांच्या पणजोबांचं नाव घेतलेलं आहे, आणि ते म्हणजेच तुमचे खापरपणजोबा. वडील नसतील तर काका, चुलत काका, जो कुणी घरात श्राद्ध घालायचा त्याला विचारा, पुष्कळदा एका कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेलं असतं. देव्हाऱ्यात जुने टाक असतील तर तेही बघा, घाटावरच्या पुष्कळ घरांत देवांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात आणि हा कोणाचा तो कोणाचा हे एखाद्या म्हाताऱ्या काकूलाच माहीत असतं. तिला आज विचारा, पुढच्या महिन्यात नको. आजोबा ज्या शाळेत होते तिथलं जनरल रजिस्टर मागा, त्यात जन्मगाव, जात आणि वडिलांचं नाव मिळतं. पणजोबा मुंबईत वारले असतील तर महापालिकेच्या वॉर्डात मृत्यूची नोंद मागता येते, फक्त साल आणि भाग अंदाजे तरी सांगता आला पाहिजे. जनगणनेच्या नादाला लागू नका, १८७२ आणि १८८१ चे आकडे छापलेले मिळतात पण त्यात माणसांची नावं नाहीत.

आता ती घागर. ती चिंचेने घासू नका! कुठल्याच पावडरने नको. सुक्या मऊ फडक्याने पुसा, मग पातळ बटर पेपर किंवा पतंगाचा कागद त्या अक्षरांवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, खड्डे पांढरे राहतील आणि बाकी काळं होईल. शिवाय मोबाईलने फोटो काढा, पण समोरून फ्लॅश मारून नाही, संध्याकाळी दिवे घालवून एका बाजूने टॉर्च खाली धरा म्हणजे सावली पडून टिंब न् टिंब दिसतं. भांड्यावर नाव घालणारा बारीक पोगराने (छिन्नीने) टिंबं ठोकत जातो, एखादं टिंब झिजलं तरी अक्षर बदलल्यासारखं वाटतं म्हणून चार बाजूंनी चार फोटो काढा. अक्षरं मोडी (मराठी लिहायची जुनी धावती लिपी) असायची शक्यता आहे, नाहीतर तुम्ही वाचली असतीत.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, घागरीवरचं नाव खापरपणजोबांचंच असेल असं धरून चालू नका. दुष्काळात जो माणूस जनावरं विकून, भांडी मोडून बाहेर पडला त्याने एक घागर राखली असेल तर ती बायकोची असायची शक्यता जास्त, आंदणात आलेली, आणि त्यावर तिच्या बापाचं नाहीतर भावाचं नाव असू शकतं. असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, तो उलट दुसरा धागा मिळाला. तिच्या माहेरचं गाव फार लांब नसणार, सोयरीक तेव्हा चालत जाण्याच्या टप्प्यात व्हायची.

मोठ्या दुष्काळाबद्दल. तुमच्या हिशोबात बसतो तो १८७६-७८ चा, शके १७९८ आणि १७९९, धाता आणि ईश्वर संवत्सर. पण १८९६-९७ चाही मोठा होता आणि १८९९-१९०० चाही. घरातल्या गोष्टीत दुष्काळ एकमेकांत मिसळतात, म्हणून पणजोबांचा जन्म अंदाजे कधीचा हे आजोबांच्या वयावरून आधी ताडून बघा. पणजोबा १८७५-७७ च्या आसपासचे निघाले तर पहिलाच दुष्काळ धरा. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ ला स्थापन झाली होती, पुणे-मुंबई रेल्वे १८६३ पासून बोरघाटातून थेट चालू होती, तेव्हा माणदेशातून निघालेला माणूस पुण्यापर्यंत चालत आणि पुढे गाडीने किंवा तेही चालत, दोन्ही पटण्यासारखं आहे. वाटेत काही महिने त्यांनी दुष्काळी कामावर काढले असतील हेही डोक्यात ठेवा, दौंड-मनमाड रेल्वेचं काम त्याच काळातलं, म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलावही दुष्काळी कामातूनच उभा राहिलेला. आजीच्या किंवा काकूच्या बोलण्यात कधी खडी, बांध, तळ्याचं काम असा शब्द आला असेल तर तो लिहून ठेवा.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य, आपल्या रानातून शिंगणापूरचा डोंगर दिसतो. मी ते तीनचार वेळा वाचलं. (शिंगणापूर म्हणजे माणातलं महादेवाचं शिखर शिंगणापूर, शनीचं नव्हे.) आजीने स्वतः ते रान पाहिलं होतं का? तुमच्या हिशोबाने ती मुंबईतच नांदली. म्हणजे हे वाक्य तिला तिच्या सासूने सांगितलेलं, तुमच्या पणजीने. आणि पणजीला कुठून माहीत? खापरपणजोबा 'परत गेलेच नाहीत' ना? मग दोन शक्यता. एक, पणजीने तिच्या सासूकडून ऐकलं आणि वाक्य सुनेच्या सुनेपर्यंत तसंच्या तसं आलं, बायकांत असं येतं. दुसरी, ती मंडळी परत गेली होती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि लोक लोंढ्याने गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडायची वेळ आली, ज्याला गावाकडे चुलता-मामा होता तो गेलाच. तुमचे पणजोबा तेव्हा विशीच्या आतबाहेर, लग्नाच्या वयाचे. तेव्हाच त्यांचं लग्न गावाकडे झालं आणि पणजीने ते रान किंवा कदाचित स्वतःच्या माहेरचं रान डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर? म्हणून पणजीचं माहेर कुठलं हे शोधून काढा. मुंबईत राहून मुली मात्र आपल्याच भागातल्या करायच्या, हे तर अगदी परवापर्यंत चालायचं. पणजीचं माहेर सापडलं की तुमचं गाव त्याच्या दहावीस मैलांत आलं म्हणून समजा.

तुम्ही ज्या गावाला दोनदा गेलात ते गाव बरोबर आहे कशावरून? पिंपरी, वडगाव, निमगाव असल्या नावांची गावं एकेका जिल्ह्यात ढिगाने आहेत. (तुमचं आडनाव मी छापत नाही, पण त्या नावाची गावंही एकापेक्षा जास्त आहेत.) माणदेश म्हणजे नुसता माण तालुका नाही, खटावचा काही भाग, आटपाडी, सांगोला, माळशिरस, लोक हे सगळं धरतात. तुम्हाला फक्त तेवढी गावं बघायचीत जिथून तो डोंगर दिसतो, आणि तो पाहायला नकाशापेक्षा स्वतः जाऊन शिवारात उभं राहणं बरं. शिंगणापूरचं देऊळ उंचावर आहे, माणातून दिसतं तसं फलटणकडच्या आणि नातेपुते-माळशिरसकडच्या बाजूनेही दिसतं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट येते. गाव त्या काळी कुणाच्या अंमलात होतं? सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं म्हणून माणच्या खालसा (थेट सरकारच्या अंमलातल्या) गावांचे इंग्रजी पद्धतीच्या पैमाशीचे, म्हणजे जमीनमोजणीचे, कागद त्याच्यानंतरचे. पण फलटण वेगळं संस्थान, आटपाडी औंध संस्थानात, आणि संस्थानं विलीन झाली ती १९४८ ला. तिथले कागद वेगळे, ठेवायची पद्धत वेगळी. शिवाय जिल्हेही हलले, आजचा सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, त्यामुळे आज सांगलीत असलेल्या गावाचा जुना कागद साताऱ्याच्या नावाने बांधलेला सापडू शकतो. माझ्या आजोळच्या शोधात मी एका ऑफिसात आठ महिने खेपा घातल्या, दरवेळी 'या गावाचं काही नाही' आणि शेवटी एका रिटायर झालेल्या कारकुनाने सांगितलं की बाई हे गाव तेव्हा या तालुक्यात नव्हतंच. म्हणून आधी गावाचा इतिहास, मग घराचा. साताऱ्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर (१८८५ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड) इंटरनेटवर फुकट आहे, त्यातलं तालुक्यांचं आणि दुष्काळाचं प्रकरण वाचा, त्यात तुमची माणसं नसतील पण त्यांच्या आजूबाजूचं सगळं आहे.

आता गावात जाताना. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही थेट तलाठी ऑफिसात गेलात आणि सातबारा विचारलात. ताई, मुंबईची बाई अचानक येते आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची जमीन विचारते, गावाला काय वाटेल? वाटणी मागायला आली! मग ज्याला माहीत आहे तोही गप्प बसतो. म्हणून आधी देवळात जा, गुरवाशी बोला, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मला जमीन नको, हक्क नको, मला फक्त माझी माणसं कोण हे कळायचंय. जे सांगता ते मनापासून सांगा आणि पाळा. आणि प्रश्न असा विचारा की कुठल्या भावकीतला एखादा पूर्वी दुष्काळात परागंदा झाला, म्हणजे गाव सोडून गेला होता का, मुंबईला गेला तो आलाच नाही असं कुणाच्या घरात बोलतात का. परागंदा हा शब्द वापरा, जुन्या माणसांना तो कळतो आणि जुन्या कागदातही तोच आहे. जे मागे राहिले त्यांच्याकडेही गेलेल्याची गोष्ट असते, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगली जपलेली. जायची वेळ चैत्रातली ठेवा, शिंगणापूरच्या यात्रेला. चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढतात, तेव्हा बाहेरगावी गेलेली माणसंही आलेली असतात, कोणत्या गावची कावड, कोणत्या भावकीचा मान, सगळं एका जागी बघायला मिळतं.

गावात घरापेक्षा शेताची नावं विचारा. प्रत्येक शिवारात पट्ट्यांना, टेकांना, ओढ्याकाठच्या तुकड्यांना नावं असतात, आणि शंभर वर्षं मालक बदलला तरी पुष्कळदा पहिल्याच कसणाऱ्याच्या नावाने ती ओळखली जातात. एखाद्या तुकड्याला कुणाच्या तरी नावाने हाक मारतात आणि त्या नावाचं कुणी गावात नाही असं दिसलं तर तिथे थांबा, सर्वे नंबर लिहून घ्या.

मग कागद. एक लक्षात घ्या, आत्ताचा गट नंबर जुन्या कागदात चालत नाही, १९४७ च्या कायद्यानंतर जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्वे नंबरांचे गट झाले, तेव्हा आधी गटावरून जुना सर्वे नंबर काढून घ्या, भूमी अभिलेखच्या ऑफिसात एकत्रीकरणाचा जबाब मागा. जुना नंबर हातात आला की खालून वर जायचं. सातबारा, त्याच्या मागचे फेरफार, हक्कनोंद. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, बहुतेक गावांचे फेरफार त्याच्या पुढच्या दहापंधरा वर्षांत सुरू होतात. तुमचे खापरपणजोबा त्यात नसणार, ते तोवर कधीच गेलेले. पण मागे राहिलेला भाऊ किंवा पुतण्या मयत झाल्यावर वारसनोंद झाली असेल आणि त्यात कधीकधी एखादी ओळ असते की अमुक हिस्सेदार परगावी आहे, ठावठिकाणा नाही. ती ओळ म्हणजे तुमचे खापरपणजोबा असू शकतात. त्याच्याही मागे गेलात की सूड, कडईपत्रक, शेतवार पत्रक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर, ही जुन्या जमीनमोजणीच्या कागदांची नावं, हे सगळे शब्द वहीत लिहून न्या, कारण 'जुने कागद दाखवा' म्हटलं की 'नाहीत' असं उत्तर मिळतं आणि 'कडई आहे का' म्हटलं की माणूस उठून बघायला जातो. सारा थकल्याने किंवा झेपत नाही म्हणून ज्याने जमीन सोडली त्याचा राजीनामा आणि नव्या घेणाऱ्याची कबुलायत अशी जोडी असते. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन आकारी पड म्हणून लावलेली असते. १८७७ च्या आसपास तुमच्या त्या सर्वे नंबरावर असं काही दिसलं तर तुम्ही अगदी दाराशी आलात.

जमीनच नव्हती असं निघालं तरी थांबू नका. गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची वही, लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते, तिच्यात जमीन असलेले नसलेले सगळे येतात. कर्जाचे कागदही बघा. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला, पुणे सातारा सोलापूर नगर या जिल्ह्यांत, आणि शेतकऱ्याचा रोखा, गहाणखत गावरजिस्ट्रारपुढे करायचं ठरलं. सगळीकडे ते दस्त टिकलेत असं नाही. पण ज्या गरीब माणसाचं नाव दुसरीकडे कुठेच नाही ते कर्जाच्या कागदावर असतं, अंगठ्यासकट. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात ठिकठिकाणच्या रेकॉर्ड रूम उपसल्या गेल्या, जिल्ह्यांच्या वेबसाईटवर गाववार स्कॅन केलेली पानं टाकलीत. तुमची जात कुठलीही असो, गावाचं नाव घालून बघा, कुठल्या सालचं कुठलं रजिस्टर त्या गावाचं शिल्लक आहे एवढं तरी घरबसल्या कळतं. आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवरही काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार मिळतात.

कागदच नाही असंही होईल. गावची दफ्तरं पूर्वी कुलकर्ण्याच्या घरी असायची, १९४८ ला गांधीहत्येनंतर सातारा भागात घरं जळली, घरांबरोबर आतलं सगळं गेलं. वाळवीने खाल्लेलं वेगळंच.

मग उपाध्यांकडे जा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथले तीर्थोपाध्ये गाववार-आडनाववार वह्या ठेवतात, येणारा यजमान आपलं आणि आपल्या घरच्यांचं नाव लिहून जातो. खापरपणजोबा नाशिकला गेले नसतील हो, पण वारीला पंढरपूर माणदेशातून दोनतीन दिवसांच्या चालीवर आहे. तिथे तुमचं मुंबईचं आडनाव सांगू नका, गावाचं नाव सांगा आणि त्या गावची सगळी पानं बघू द्या म्हणा, दक्षिणा द्या, घाई करू नका. गावात हेही विचारा की हेळवी येतो का. सांगली-कोल्हापूर-कर्नाटकच्या बाजूला हेळवी घरोघर येऊन वंशावळ म्हणून दाखवतात, त्यांच्या वह्या पिढ्यान् पिढ्यांच्या असतात आणि काही भावक्यांचा हेळवी ठरलेला असतो.

मोडीबद्दल थोडं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत गेलेले, त्यामुळे नवशिक्याला सगळी ओळ एकच शब्द वाटते. पण नावांची यादी वाचायला पूर्ण मोडी यावी लागत नाही, वलद, बिन, कोम, मौजे, मयत, सर्वे, एवढे शब्द ओळखायला आले की मधली नावं हळूहळू सुटतात. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे वाचणारी माणसं भेटतात. तुम्ही रिटायर आहात, मी सांगेन वर्गच करा. जुन्या कागदातल्या सनाचा हिशोब असा, शकात ७८ मिळवले की इसवी, फसलीत (सारावसुलीचं जुनं वर्ष) ५९०, सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदातला सन) साधारण ५९९. म्हणजे फसली १२८६ दिसलं तर १८७६.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे एकच जोडी दर दोन पिढ्यांनी परत येते, वरचा राणू वलद धोंडी आणि खालचा राणू वलद धोंडी, मध्ये पन्नास वर्षं. मी वर्षभर दुसऱ्याच भावकीचं झाड काढत बसले होते, शेवटी एका कोमने मला वाचवलं, बायकोचं नाव जुळेना. तेव्हापासून मी बायकांची नावं आधी लिहिते. आणि धोंडी, दगडू, केरू असं नाव दिसलं की थांबा. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. त्या एका नावाच्या मागे दोनतीन न नोंदलेली मुलं असतात.

पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागलेला असेल, सावत्र बाप असेल, जी जात ऐकत आलात त्यापेक्षा वेगळी लिहिलेली निघेल, जमीन स्वतःच्याच भावाने बळकावलेली दिसेल, हे सगळं निघू शकतं. भावाला हे आधीच सांगून ठेवा आणि जे निघेल ते जसंच्या तसं लिहा, लपवायचं असेल तर मग शोधायलाच नको.

आणि भाऊ सोड म्हणतो त्याचं मला नवल नाही. पण बघा ना, वीस-बावीस वर्षांचा माणूस, कडेवर पोर घेतलेली त्याची बायको, त्यांनी रान सोडलं, नाव मागे राहिलं, आणि त्या रानातून काय दिसायचं एवढं एक वाक्य सासू-सुनांच्या तोंडून दीडशे वर्षं टिकून तुमच्यापर्यंत आलं. ते वाक्य तुम्ही मला लिहून पाठवलंत, म्हणजे तुम्ही सोडणार नाहीच.

आधी घागरीचा ठसा काढा आणि फोटो सदराच्या पत्त्यावर पाठवा, मोडी असेल तर मी वाचते, मला नाही लागलं तर वाचणाऱ्याकडून वाचून घेते. काकूला फोन आजच करा. पणजीचं माहेर विचारा, आणि पितृपक्षात कुणाकुणाची नावं घ्यायचे ते.